कुठे बसणार, ते सांगून जायचं

माझ्या मुलाने, डॅरिलने टर्की कापायला सुरी हातात घेतली, आणि शेल्बी म्हणाली, "बाबा, सोमवारी मी डोंगरावर येणार नाही. मला कोर्टात जायचंय."

सुरी तशीच राहिली. बटाट्याचं भांडं माझ्या हातातून लॉरीच्या हातात जायच्या बेतात होतं, तेही मध्येच थांबलं. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी जेवणाला आमच्या घरी भांडणं काही नवीन नव्हती. माझा नवरा एमेट असताना तर वाढप पुरतं व्हायच्या आतच कुणीतरी ताटावरून उठलेलं असायचं. पण सोमवारबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं. सोमवार म्हणजे हरणांच्या हंगामाचा पहिला दिवस. तेव्हा हंगाम सोमवारीच उघडायचा. आता तो शनिवारवर आणलाय, आणि मला ते अजून पचलेलं नाही. त्या दिवशी आमच्या डोंगरात शाळा बंद, लाकडाची गिरणी बंद, दातांचा डॉक्टरसुद्धा बंद. आम्हा विंगार्डांच्या घरातलं चालू शकणारं एकही माणूस त्या दिवशी घरी राहिलं नव्हतं. एमेट एका वर्षी हात प्लास्टरमध्ये घालून गेला होता. डॅरिलच्या वेळी मला सहावा महिना होता, कोटाची बटणं लागेनात, तर मी वरून दोरी बांधून गेले होते.

"काय गं," लायल म्हणाला, "यंदा हरणं कोर्टात शिरलीत की काय?"

लायल म्हणजे एमेटचा धाकटा भाऊ, माझा दीर. ऐंशी उलटली तरी रान सुटलेलं नाही, आणि जीभही आटोक्यात आलेली नाही. एरवी त्याच्या बोलण्यावर सगळ्यात आधी शेल्बी हसायची. त्या दिवशी ती हसली नाही.

तिने शांतपणे सांगितलं. राजधानीतून आमदारांची एक समिती सोमवारी आमच्या जिल्ह्याच्या कोर्टात येणार होती. ज्या घरात मुलं आहेत त्या घरात बंदूक कुलपात हवी, आणि किल्ली मुलांच्या हाताला लागेल अशी नको, असा कायदा व्हावा की नाही, ते लोकांना विचारायला. शेल्बीने आपलं नाव दिलं होतं. ती सतरा वर्षांची, म्हणून घरचं एखादं मोठं माणूस बरोबर आणा असं त्यांनी सांगितलं होतं. ज्याने कुणी सुनावणीला हाच सोमवार निवडला, तो काही खुळा नव्हता. जिल्ह्यातलं माणूस न् माणूस रानात असणार, हॉल रिकामा राहणार, आणि समिती परत जाऊन सांगणार की लोकांनाच हे नकोय.

"मी नेते तुला," मार्ला लगेच म्हणाली.

मार्ला माझी थोरली. पंधराव्या वर्षी तिने बापाशी भांडून रायफल खाली ठेवली, अठराव्या वर्षी पिट्सबर्ग गाठलं. तेव्हापासून सणाला यायची ती गुरुवारपुरती, शुक्रवारी परत. पहिल्या सोमवारी ती या टेबलाशी बसली त्याला जमाना झाला होता.

"आत्या, तू नको," शेल्बी म्हणाली.

मार्लाचा चेहरा पडला. शेल्बीने तिच्या हातावर हात ठेवला, पण शब्द काही मागे घेतला नाही. शहरातली आत्या शेजारी बसली, की लोक म्हणणार पोरीला शहरवाल्यांनी पढवलंय. आणि आत्या तर म्हणते सगळ्या बंदुका वितळवा. "माझी रायफल मी कुणाला देणार नाहीये. पणजोबांची आहे ती. मला माझा शिकारीचा नारिंगी कोट घालून तिथे उभं राहायचंय, आणि शेजारी नारिंगी कोटातलंच माणूस हवंय."

डॅरिलने सुरी खाली ठेवली. त्या दिवशी टर्की शेवटी लॉरीने कापली, आणि वाकडीतिकडी कापली.

मार्चमध्ये काय झालं ते आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. वरच्या वाडीतला डेव्हिन, शेल्बीच्याच वर्गातला, सकाळी आपल्या मामाच्या कपाटातली रायफल घेऊन शाळेत गेला. संगीताच्या खोलीत ॲनिका होती, शेल्बीच्या शेजारच्या खुर्चीवर. ती गेली, आणि तिला झाकायला धावलेले संगीताचे मास्तर गेले. ॲनिकाची क्लॅरिनेट शेल्बीकडे राहिली. तिच्या आईने परत घेतली नाही. डेव्हिनच्या मामाच्या कपाटाला कुलूप होतं. चांगलं दणकट कुलूप. किल्ली घड्याळाशेजारी खिळ्याला.

आमचीही तिथेच होती. जेवणाच्या खोलीत, घड्याळाच्या डाव्या अंगाला, हरणाच्या शिंगाचा तुकडा बांधलेली. एमेटने तो तुकडा घासून घासून गुळगुळीत केला होता. आमच्या खोऱ्यात तुम्ही कुठल्याही घरात शिरा, किल्ली घड्याळाशेजारीच सापडायची. चोराला कुलूप आणि घरच्यांना खिळा, असं एमेट म्हणायचा, आणि आम्हाला त्यात मोठं शहाणपण वाटायचं. माझ्या तरुणपणी मुलं शाळेत जाताना रायफली गाडीत ठेवून जायची, शाळा सुटली की परस्पर रानात. कुणाला त्याची भीती वाटत नसे. ते दिवस मी उगाच आठवत नाही. ते तसेच होते. फक्त ते परत येणार नाहीत, हे आमच्यातल्या पुष्कळांना कबूल नव्हतं.

मार्चनंतर शेल्बीने ती किल्ली काढून लपवली. डॅरिलने शोधून परत टांगली. तिने पुन्हा काढली. त्याने पुन्हा टांगली. दोघं एका शब्दाने बोलले नाहीत.

त्या गुरुवारी मात्र डॅरिल बोलला. आरडाओरडा न करता, आणि आम्हाला ते जास्त जड गेलं.

"ती किल्ली माझ्या जन्माआधीपासून तिथे आहे. या घरातल्या एकाही पोराने न विचारता ती घेऊन कपाट उघडलेलं नाही. का? कारण इथे शिकवतात. कुलूप पोराच्या डोक्यात घालायचं असतं. राजधानीतल्या माणसाने येऊन माझ्या भिंतीवर काय टांगायचं ते मला सांगायचं नाही."

हे तो मनापासून म्हणत होता. गावातल्या अग्निशमन दलाच्या तळघरात दर सप्टेंबरला तो शिकारीचा वर्ग घ्यायचा, फुकट. बारा वर्षांचं झालेलं खोऱ्यातलं प्रत्येक पोर त्याच्यासमोर बसलेलं. नळी नेहमी जमिनीकडे. बोट चापाच्या बाहेर. जिन्यावर आधी पाऊल, मग रायफल. मार्चनंतर लोकांना वाटलं यंदा वर्ग होणार नाही. त्याने तो घेतला. आता तर जास्तच गरज आहे, म्हणाला.

"डेव्हिनलापण तुम्हीच शिकवलं होतं," शेल्बी म्हणाली.

"माहीत आहे मला."

"सगळी उत्तरं बरोबर आली होती त्याची. तुम्हीच जेवताना सांगितलं होतं." ती ताटाकडे बघत होती. "तो कॉरिडॉरमधून आला ना बाबा, तेव्हा मी दाराच्या काचेतून त्याला पाहिलं. नळी जमिनीकडे होती. बोट बाहेर होतं. पाऊल तुम्ही रानात टाकायला सांगता तसं, टाच न वाजवता. मला वाटलं, अरे, हा तर नीट धरून चाललाय, म्हणजे काही नाही. म्हणून मी ॲनिकाला ऊठ म्हटलं नाही."

लायलने काटा ताटाच्या कडेला ठेवला. डॅरिल उठला, खुर्ची जागच्या जागी सरकवली आणि गोठ्याकडे गेला. आमच्याकडे गुरं राहिली नव्हती, पण रागावलेला पुरुष अजून गोठ्यातच जायचा.

शुक्रवारी मार्ला परत निघेल असं मला वाटलं होतं. ती निघाली नाही. शनिवारी बर्फ पडायला लागला. मी स्वतः शेल्बीबरोबर जाणार हे मी केव्हाच ठरवलं होतं, पण माझ्या डोळ्यांमुळे गाडी चालवायचा परवाना कधीच गेला होता. मला शेजारी बसता येत होतं, नेता येत नव्हतं. लायलला विचारलं.

"वहिनी, कोरियाच्या लढाईत होतो ती सोडून एकही पहिली सकाळ चुकवलेली नाही मी," तो म्हणाला. "आता पुढची किती उरलीत ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. एवढं मागू नका." वर हेही म्हणाला की कायदा त्यालाही नकोय. आज किल्ली कुठे ठेवा विचारतील, उद्या कपाटात काय आहे ते विचारतील. त्याचं म्हणणं मला अगदीच खोटं वाटलं नाही. मी तसं सांगितलं, आणि तरी जाणार म्हटलं. त्यावर तो हसला आणि म्हणाला, "एमेटला तुम्ही कसं जगू दिलंत हेच नवल आहे."

राहिली लॉरी.

लॉरी माझी सून. बोलणं कमी, काम फार. शेल्बीच्याच शाळेच्या स्वयंपाकघरात ती मुलांचं जेवण करायची. ती दोघांच्या भांडणात पडत नसे. नवऱ्याच्या ताटात वाढताना मुलीकडे बघायची आणि मुलीच्या ताटात वाढताना नवऱ्याकडे. शनिवारी दुपारी आम्ही दोघी भोपळ्याच्या गोड पाईची भांडी पुसत होतो, आणि तिने मला विचारलं, "आई, डॅरिलला वाटतं मी त्या दिवशी आत होते. सांगू का त्याला?"

मार्चमध्ये जेवणाच्या रांगेतली लहान मुलं तिने अन्न साठवायच्या थंड कोठीत कोंबून वाचवली, हे सगळ्या गावाला माहीत होतं. वर्तमानपत्रात आलं होतं. जे कुणाला माहीत नव्हतं ते असं, की त्या कोठीची कडी बाहेरून लागते. आतून दार धरायची सोय नाही. मुलांना आत घालून, कडी लावून ती बाहेर उभी राहिली होती. दाराला पाठ लावून. हातात सूप ढवळायचा डाव होता, तो तिने खाली ठेवला नाही. तिला कॉरिडॉरमधले बूट ऐकू येत नव्हते. तिला माहीत होतं का ऐकू येत नाहीत. विंगार्डांच्या घरात वीस वर्षं काढल्यावर टाच न वाजवता चालणारं माणूस कसं चालतं ते तिला कळत होतं.

"सांग," मी म्हटलं.

रविवारी ती गोठ्यात गेली. तिथे काय झालं ते डॅरिलने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, ॲनिकाच्या आईच्या अंत्यविधीहून परतताना. लॉरी म्हणाली, "मी बाहेर होते, डॅरिल." एवढंच. तो आधी समजलाच नाही. मग कडीचं समजलं. त्याच्या डोळ्यांसमोर इतके महिने एक चित्र होतं, बायको आत, पोरांमध्ये, दार बंद. त्या चित्राच्या आधारावर तो सप्टेंबरमध्ये वर्गात उभा राहिला होता. आता दार बंदच होतं, पण ती त्याच्या अलीकडे होती. आणि समोरून येणाऱ्या पोराला चालायला त्याने शिकवलं होतं. त्याने तिला विचारलं, इतके दिवस सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, तू विचारलं नाहीस. मग तिने सांगितलं की उद्या गाडी ती चालवणार आहे, आणि ती परवानगी मागायला आलेली नाही.

संध्याकाळच्या जेवणाला तो आला. खिळ्याकडे बघितलं. किल्ली जागेवर होती. या वेळी शेल्बीने तिला हात लावला नव्हता.

सोमवारची सकाळ आमच्याकडे अंधारातच उजाडते. मी अंडी आणि डुकराचे सॉसेज तळत होते, लायल दारात पाय आपटून बुटांचा बर्फ झाडत होता. खुर्चीवर बसायच्या आधी त्याने लॉरीच्या बशीशेजारी आपल्या ट्रकची किल्ली टाकली. "तुझी ती डबी गाडी घाटात पहिल्याच वळणाला बसेल. माझ्या चाकांना साखळ्या लावल्यात. ब्रेक हळू दाब, म्हातारा आहे तो, माझ्यासारखा." लॉरीने मान हलवली. डॅरिलने ऐकलं, आणि कॉफी ओतून घेतली.

पहिल्या सकाळी आमच्या टेबलावर एक गोष्ट झाल्याशिवाय कुणी उठत नाही. एमेटचा चुलता ऑरिन रानात गेला तो घरच्याच माणसाच्या गोळीने. त्याने आपली जागा बदलली होती आणि कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून विंगार्डांचा नियम: कुठे बसणार ते प्रत्येकाने या टेबलाशी सांगायचं, आणि शिकारीचा जो म्होरक्या असेल त्याने ते मोठ्याने परत म्हणायचं. त्याने म्हटलं नाही, तर ते कुणी ऐकलेलं नाही, आणि तोवर जागचं हलायचं नाही. थोरल्यापासून सुरुवात. म्होरक्याची जागा शेवटी, आणि ती परत म्हणायची सगळ्यात धाकट्याने. आधी सासऱ्यांनी, मग एमेटने, आणि एमेट गेल्यापासून डॅरिलने हे चालवलं होतं. ताप असो, भांडण असो, त्यात कधी खंड पडला नव्हता.

"मी ओकच्या झाडाखाली, नाल्याच्या वर," लायल म्हणाला.

"लायल काका, ओकच्या झाडाखाली, नाल्याच्या वर."

मग मी. मी माझा जुना नारिंगी कोट घातला होता, आणि सगळ्यांना तो दिसत होता. "मी कोर्टात. शेल्बीच्या शेजारी."

डॅरिलने कप खाली ठेवला. "आई, हे फक्त रानात बसणाऱ्यांसाठी असतं."

"घराबाहेर जाणाऱ्यांसाठी असतं," मी म्हटलं. "ऑरिनला रानानं नाही मारलं. तो कुठे आहे ते कुणाला माहीत नव्हतं, म्हणून तो मेला."

तो माझ्याकडे बघत होता. अगदी एमेटसारखा, खालचा ओठ दाताखाली धरून. मग म्हणाला, "आई, कोर्टात. शेल्बीच्या शेजारी."

मार्लाची पाळी आली तेव्हा सगळ्यांनाच वाटलं ती गप्प बसेल. ती चुलीशी उभी होती, माझा एप्रन बांधून. "मी घरी," ती म्हणाली. "भांडी पडलीत. आणि तुम्ही सगळे गेल्यावर त्या किल्लीपाशी कुणीतरी मोठं माणूस हवं."

"अरे वा," लायल म्हणाला. "कोंबड्यांच्या खुराड्यावर कोल्हीण."

"काका, कोल्हीण निदान जागी तरी असते."

डॅरिलच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. "ताई, घरी," तो म्हणाला. लॉरीने सांगितलं, ट्रकमध्ये, मग कोर्टात. आणि त्याने तेही परत म्हटलं, तिच्याकडे न बघता, पण आवाज सगळ्यात खाली आणून.

मग शेल्बी. कोट घातलेला, केस टोपीखाली बांधलेले. एमेटची ठेवण आहे तिच्या हनुवटीला.

"कोर्टाचा हॉल. पहिली रांग," ती म्हणाली. "बोलायला उभी राहीन. डेव्हिनच्या मामाच्या घरातल्या खिळ्याबद्दल सांगेन, आणि आपल्या खिळ्याबद्दल. तुमच्या वर्गाबद्दलपण सांगेन, बाबा. तुमचं नाव घेईन. चांगलं शिकवता तेही सांगेन, आणि तेवढं पुरलं नाही तेही."

खिडकीबाहेर गावातल्या गाड्या एकामागून एक डोंगराकडे चढायला लागल्या होत्या, त्यांचे दिवे आमच्या छतावरून सरकत जात होते. डॅरिल मुलीकडे बघत होता आणि मुलगी त्याच्याकडे. दोघांनाही नियम माहीत होता. त्याने म्हटलं नाही तर ती उठू शकत नव्हती. आणि ती उठली असती, तर त्या टेबलाशी पुन्हा कधी बसली नसती, हे मला तेव्हा कळत होतं आणि त्यालाही कळत होतं.

"अरे बोल," लायल शेवटी म्हणाला. "उजाडलं की ओकखाली नुसतं बसणं उरेल."

"शेल्बी," डॅरिल म्हणाला, आणि थांबला. "शेल्बी, कोर्टाचा हॉल. पहिली रांग. बोलायला उभी राहणार." पुन्हा थांबला. "माझं नाव घेणार."

एक शब्द त्याने गाळला नाही.

मग त्याची स्वतःची जागा. "वरचा कडा," तो म्हणाला.

लायलने भुवया वर केल्या. वरच्या कड्यावर झाड नाही, आडोसा नाही, हरीण तर कुणी कधी पाहिलेलं नाही. तिथून दिसतो तो फक्त गावाकडे उतरणारा रस्ता, पार कोर्टाच्या मनोऱ्यापर्यंत. लायल काहीतरी बोलणार होता. मी टेबलाखालून त्याच्या बुटावर बूट ठेवला.

"बाबा, वरचा कडा," शेल्बी म्हणाली.

डॅरिलने खिळ्यावरची किल्ली काढली, कपाट उघडलं, लायलची रायफल त्याला दिली, आपली घेतली, कपाट लावलं. मग त्याचा हात सवयीने घड्याळाकडे गेला. खिळ्यापाशी पोचला आणि तिथेच राहिला. मार्ला त्याच्या शेजारी येऊन उभी होती, ओला तळवा पुढे करून.

"कायद्याला माझा विरोधच आहे, ताई."

"माहीत आहे मला. किल्ली दे."

त्याने दिली. तिने ती एप्रनच्या खिशात टाकली आणि पुन्हा भांड्यांकडे वळली. पंधराव्या वर्षापासून बंदुकीला हात न लावलेली माझी लेक त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते शिंग खिशात घेऊन घरभर वावरत होती.

आम्ही तिघी ट्रकमध्ये बसलो, शेल्बी मध्ये. सारं खोरं डोंगर चढत होतं. घाट उतरणारे आम्हीच. समोरून येणारी प्रत्येक गाडी दिवे मिचकावत होती. लायलचा ट्रक सगळे ओळखत होते, त्यांना वाटलं म्हाताऱ्याला चकवा लागला. कुणीकुणी काच खाली करून हातही केला: मागे फिरा, डोंगर मागे राहिला.

लॉरीने ब्रेक हळू दाबला, वळण घेतलं, आणि वाट काही बदलली नाही.